सत्तेचाळीस डावे आखूड

तोंडात खिळे असले की खिळे गप्प असतो, आणि तो गप्प असला की सगळी गल्ली सुखात असते.

खिळे हे त्याचं खरं नाव नव्हे. गल्लीने ठेवलेलं, आणि आता पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो. माणूस जोडे बनवतो. काम करताना बारा बारीक खिळे ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरतो आणि जिभेने एकेक पुढे ढकलत चामड्यात ठोकतो. तेवढा वेळ त्याला बोलता येत नाही. त्याच्या बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे हेरलं. दूध नासलं, नणंद येणार आहे, वरची तोटी गळतेय, असली प्रत्येक बातमी ती जिना उतरून खाली दुकानात येऊन, खिळे तोंडात असतानाच देते आणि लगेच पाय काढता घेते. कारण राग आला की हा आधी एकेक खिळा तोंडातून काढून तळहातावर ठेवतो. शहाण्या माणसाने सातव्या-आठव्या खिळ्यापर्यंत रस्त्यावर असावं. बाराचे बारा तळहातावर आले, की मग त्याला कोणी आवरायचं नाही.

राग नाकावर असतो म्हणतात. याचा तळपायात राहतो, धंदाच तसा आहे. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, त्यांचे जोडे तो करतो. एक पाय आखूड, कुणाची टाच बाहेर, कुणाचा तळवा सपाट, कुणाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलेला. डॉक्टर चिठ्ठी देतात आणि माणसं दुरून दुरून येतात. एरवी जगात दोन पाय सारखेच असतात असं समजणाऱ्या सगळ्या जमातीवर त्याचा दात आहे. मोठ्या दुकानातला जोडा म्हणजे त्याच्या मते जोडा नव्हेच, अफवा.

गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं तेव्हा लाजलेलं असतं. स्टुलाच्या कडेला बसतं, पाय आत ओढून घेतं, मग नाव, गाव, आजार, आईबापांचं नशीब सगळं सांगायला लागतं. खिळे हात वर करतो. "नाव-गाव राहू द्या. पाय द्या इकडे." पाय मांडीवर घेतो, अंगठ्याने चाचपतो, खाकी कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढतो. लोकांना बरं वाटायचं. पहिल्यांदाच कुणीतरी काही न विचारता पाय हातात घेतलेला असायचा.

आणि म्हणूनच त्याच्या दुकानात नावं नाहीत. लाकडी साच्यावर, खाकी कागदावर, कॉम्प्युटरमध्ये, सगळीकडे पायच. 'डावा आखूड.' 'उजवा आखूड.' 'सपाट.' 'टाच बाहेर.' डावे आखूड सत्तेचाळीस होते, पण खिळेचं कधी अडलं नाही. जुना कॉम्प्युटर पत्ते ज्या क्रमाने घातले त्याच क्रमाने दाखवायचा. वरून अकरावा म्हणजे बँकेचा पहारेकरी. एकोणिसावी शिंपीण. सगळ्यात खालचा, सत्तेचाळिसावा, म्हणजे पोरगी. आपल्या कपाटात अंधारातही हात बरोबर कुठे जातो हे जसं ठाऊक असतं, तसं.

तो कॉम्प्युटर मात्र दम्याचा पेशंट झाला होता. पंखा धापा टाकायचा, उजव्या बाजूला एक थापड मारल्याशिवाय सुरू व्हायचा नाही आणि दिवसातून दोनदा मान टाकायचा. बायको म्हणाली नवा घ्या. खिळे म्हणाला, मी मेल्यावर. मग बायकोने आपल्या भावाला बोलावलं.

मेहुणा बत्तीस वर्षं एका कचेरीत होता, शेवटची सहा कॉम्प्युटर विभागात. तिथे त्याच्याकडे खोलीची किल्ली असायची. बाकी काम दुसरे करायचे, पण किल्ली सहा वर्षं जवळ असली की माणसाला ज्ञान होतंच. रविवारी दुपारी तो नव्या कॉम्प्युटरचं खोकं घेऊन आला आणि दुकानाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून त्याने मध्ये वायर लावली.

"सहा हजार दोनशे पत्रं आहेत की, भाऊजी! वाचता तरी का?"

खिळेच्या तोंडात खिळे होते. समोर साच्यावर ओलं चामडं ताणलेलं, डाव्या हातात पक्कड, उजव्या हातात हातोडी. तो काय बोलणार?

"पत्रं आली बरं का. आता पत्ते. अरेच्चा, हे काय म्हणतंय? 'सारख्या नावांच्या नोंदी सापडल्या. एकत्र करायच्या का?' भाऊजी, एकच माणूस सत्तेचाळीस वेळा लिहिलाय तुम्ही! हा उजवा आखूड अडतीस वेळा. सपाट एकतीस. कमाल आहे बुवा तुमची. करू ना एकत्र?"

चामडं त्या क्षणी सोडलं असतं तर दिवसभराचं काम फुकट गेलं असतं. खिळेने हातोडी जोरजोरात हलवली. त्याच्या भाषेत याचा अर्थ थांब, खबरदार. मेहुण्याच्या कचेरीत लेखी नकार आला नाही, म्हणजे मंजुरी. त्याने बटण दाबलं.

"बघा! तीनशे बारा नोंदींच्या एकोणतीस केल्या. सगळा कचरा गेला!"

खिळे तोंडातले खिळे काढायला लागला खरा, पण चवथ्याला पक्कड सटकायला लागली, तेव्हा ते परत तोंडात गेले. इतकं काय बिघडणार, संध्याकाळी बघू, असं त्याने मनात म्हटलं, आणि संध्याकाळी विसरला. मेहुण्याने दोनदा वाढून घेतलं, जुना कॉम्प्युटर गाडीच्या डिकीत टाकला आणि "भंगाराचं मी बघतो, ताई" म्हणून गेला.

सोमवारी दुपारी पावणेचारला खिळेने हाताचा सरस पुसला आणि नव्या कॉम्प्युटरसमोर बसला. चार वाजता पोरीच्या आईला फोन करायचा होता.

ही पोरगी चार वर्षांची असताना पहिल्यांदा आली, आता एकोणीस वर्षांची आहे. डावा पाय दोन इंच आखूड. दरवर्षी नवं माप, नवा जोडा. कागदावर पावलाची कड काढून झाली की पेन्सिल हिसकावून घ्यायची आणि कागदावरच्या अंगठ्याला डोळे, नाक, तोंड काढायची. बदमाश कार्टी. पुढे घरूनच कड काढून पाठवायला लागली तरी अंगठ्याला तोंड असायचंच. गेल्या महिन्यात कुटुंब दुसऱ्या शहरात गेलं आणि तिथे तिच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. पाय लांब झाला, पण किती, ते प्लास्टरमधून फोटो काढून मोठे डॉक्टर सांगणार होते. ते तिथे फक्त सोमवारी यायचे आणि साडेचारला निघायचे. गुरुवारी प्लास्टर काढून पोरीला उभं करायचं होतं. उभं राहताना पायात बरोबर उंचीचा जोडा हवा, नाहीतर सगळा भार नव्या हाडावर वाकडा जाणार. जोडा तयार होता. डाव्याच्या तळाशी बुचाचे थर किती चढवायचे एवढंच अडलं होतं. आज माप मिळालं तर थर आज चिकटतील, उद्या सुकतील, बुधवारी पार्सल जाईल.

"माप तुम्ही मला सांगू नका," त्यानेच पोरीच्या आईला बजावलं होतं. "कागदावर लिहूनही ठेवू नका. डॉक्टरांच्या हातात फोन द्या. ज्याने मोजलं त्याच्याच तोंडून मी ऐकणार. सोमवारी चारला मी करतो." हा त्याचा जुना नेम. एकदा एका बापाने आठवणीने माप सांगितलं होतं, अर्धा इंच चुकीचं, आणि एक पोर सहा महिने लंगडलं होतं. त्या बापाचं नाव त्याला माहीत नाही, पण ते पाऊल अजून डोळ्यांपुढे येतं.

त्याने पत्ते उघडले. डावा आखूड एकच होता. त्याच्या खाली मुंग्यांची रांग लागावी तसे सत्तेचाळीस फोन नंबर, आणि तेही लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावलेले. पहारेकरी कुठे, शिंपीण कुठे, पोरगी कुठे! पत्रांकडे गेला तर हजार-दीड हजार पत्रं एकाच माणसाने पाठवलेली: डावा आखूड, डावा आखूड, डावा आखूड. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहिला नव्हता.

तळपायाची आग मस्तकात जाते ती कशी, हे त्या दिवशी गल्लीने ऐकलं. तोंडात एकही खिळा नव्हता. इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री उभी करून ठेवली. वरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या.

"अगं एऽऽ! तुझ्या भावाने माझा गळा कापला!"

बायको जिना उतरून आली. "माझा भाऊ? काल दोनदा वाढताना तर तो तुमचा मेहुणा होता."

"त्याला फोन लाव! नाही, मीच लावतो. त्याचा नंबर..." खिळे थांबला. मेहुण्याचा तळवा सपाट. आता तोही त्या एकतीस जणांत कुठेतरी होता. त्याने टेबलावर मूठ आपटली. बायकोने भिंतीवरच्या फोनवरून पाठ असलेला नंबर फिरवला.

"भाऊजी, तुम्हीच तर हातोडी हलवलीत!"

"ती तुझ्या टाळक्यात घालायची होती म्हणून हलवली! जुना कॉम्प्युटर आण. आत्ताच्या आत्ता!"

"तो सकाळीच दिला भंगारात. पण काळजी नको, आधी सगळं पुसून दिलं. तीन वेळा पुसलं." आवाजात चक्क अभिमान होता.

"गाढवा!"

"अहो पण त्यात काय एवढं? पत्रांत नाव टाकून शोधा ना, भाऊजी. लगेच सापडेल. काय नाव त्या मुलीचं?"

पंधरा वर्षं खिळे तिला पोरी म्हणत होता, तिच्या आईला पोरीची आई. तिच्या टाचेवर लहानपणी पडलेली चीर त्याला माहीत होती. करंगळी थंडीत कशी निळसर पडते ते माहीत होतं.

"भाऊजी? ऐकताय ना? नाव सांगा, नाव."

त्याने फोन असा आदळला की भिंतीचा पोपडा पडला.

चार वाजून तीन मिनिटं. पत्रं धुंडाळताना तिच्या बापाचं एक जुनं पत्र हाती लागलं. त्या पत्त्यावर दोन बोटांनी टकटक करत चार ओळी पाठवल्या. मिनिटाभरात परत आल्या, असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणून. तो पत्ता बापाच्या कचेरीतला, आणि गाव सोडताना बापाने नोकरीही सोडली होती. नवा पत्ता, नवा नंबर, दोन्ही गेल्या महिन्यात नव्याने घातलेल्या त्या सत्तेचाळिसाव्या नोंदीत होते. मग खिळेने भिंतीवरचा फोन उचलला आणि पडद्यावरचा पहिला नंबर फिरवला.

"हॅलो, डावा आखूड का?"

"हो. कोण?"

"पोरीची आई आहे का?"

"माझी आई वारली हो. कोण बोलतंय?"

दुसरा उचललाच गेला नाही. तिसऱ्याला त्याने विचारलं, "घरात पोरगी आहे का?"

"आहे. का?"

"डावा पाय आखूड?"

"तिचे दोन्ही पाय धडधाकट आहेत. आखूड माझा आहे. आणि माझ्या पोरीच्या पायांची चौकशी करणारा तू कोण रे? थांब, तुला दाखवतो!"

चवथा, पाचवा, सहावा. जो तो म्हणे, हो, मीच डावा आखूड. आता खरंच होतं ते, प्रत्येकाचा होताच. घड्याळात चार-बारा झाले. सातव्याला बाईचा आवाज आला, मागे शिलाई मशीनची घरघर.

"मी जोडेवाला," तो ओरडला. "तुम्ही पोरीची आई का?"

"मी कुणाची आई नाही. बावीस वर्षं तुमच्याकडे जोडे करते. ओळखलं नाहीत?" मशीन थांबलं. "माझं नाव काय, सांगा बरं."

"बाई, मला वेळ नाही!"

"नाव सांगा, मग जा."

"तुमची टाच आत वळते," खिळे दात ओठ खात म्हणाला. "चवड्यावर तीळ आहे. पावसाळ्यात घोटा सुजतो, म्हणून फीत सैल ठेवतो मी तुमची. मला सगळं माहीत आहे!"

"तीळ माहीत आहे," शिंपीण म्हणाली. "बावीस वर्षं माझा पाय मांडीवर घेता, तीळ मोजता. आणि वरती माणूस कोण आहे ते कधी विचारलं नाहीत. आज मला वाटलं चुकून का होईना, आपण होऊन फोन केलात. पण हवी होती दुसऱ्याच कुणाची आई!" तिने फोन ठेवला.

राग आला की तो कुणावर तरी काढायचा, हा खिळेचा साठ वर्षांचा शिरस्ता. या बाईवर काढता येईना. मेहुण्यावर काढून झाला होता. भंगारवाल्याचा काय दोष? समोर नवा कॉम्प्युटर उरला. चार-सतरा. खिळेने हातोडी उचलली.

"ठेवा ती खाली," बायको म्हणाली.

"सगळे एक करून टाकले याने! सत्तेचाळीस माणसं!"

"त्याने एक केले, आणि तुम्ही?" तिने खिळ्यांचा डबा त्याच्या पुढ्यात आदळला. आता तिचाही आवाज चढला होता, आणि तो गल्लीने क्वचितच ऐकला आहे. "तोंडात घाला. बारा."

"आत्ता?"

"आत्ता! आणि फोनवरचा हात काढा. पंधरा मिनिटं तुम्ही जगाला फोन करत सुटलाय. त्या बाईकडे दुकानाचा नंबर नाही का? तिने करायचा म्हटलं तर करणार कुठून? सारखा एंगेज!"

खिळेने तिच्याकडे पाहिलं. डब्यात हात घातला. एक, दोन, तीन, मोजून बारा तोंडात ठेवले, आणि फोनवरचा हात काढून मांडीवर घेतला. दुकान शांत झालं. खिडक्यांतली डोकीही हलेनात.

फोन खणखणला.

"काय माणूस आहात हो तुम्ही!" पोरीची आई इतकी किंचाळत होती की इस्त्रीवाल्यापर्यंत पोचलं. "चारचं कबूल केलंत! डॉक्टरांना हाताला धरून बसवलंय मी, ते तीनदा उठले! तुमचा फोन एंगेज, एंगेज, एंगेज! गुरुवारी पोर काय हवेत उभी राहणार?"

बायकोने रिसीव्हर खिळेच्या कानाला लावला. पलीकडे डॉक्टर आले. "लिहून घ्या. टाचेखाली पाऊण इंच. चवड्याखाली अर्धा. ऐकताय ना?" उत्तर येईना. "हॅलो? ऐकताय ना?"

बायको रिसीव्हरमध्ये वाकून म्हणाली, "ऐकताहेत हो डॉक्टर. तोंडात खिळे आहेत."

"कुणाच्या तोंडात काय आहे?"

खिळेने चामड्याच्या तुकड्यावर आकडे लिहिले. मग एकेक खिळा काढून तळहातावर ठेवत गेला. बारावा निघाल्यावर त्याने माप परत म्हणून दाखवलं, डॉक्टर हो म्हणाले आणि घाईने निघून गेले. पोरीची आई पुन्हा फोनवर आली, तिचं अजून संपलं नव्हतं. तिला मध्येच तोडून खिळे म्हणाला, "पोरीचं नाव काय?"

"काय?"

"नाव. कॉम्प्युटरात घालायचंय."

तिकडे फोनची ओढाओढ झाली आणि पोरीचाच आवाज आला. "मी आईशी पैज लावली होती, तुम्हाला माहीत नसणार म्हणून. काका, मी दरवेळी अंगठ्याला तोंड काढायचे ना, त्याच्याखाली काय लिहायचे?"

"काय?"

"बघा जाऊन," म्हणाली, आणि फोन ठेवला. बदमाश.

खिळे फळीपाशी गेला. खाकी कागदांचा गठ्ठा ओढून काढला, पंधरा वर्षांचे पंधरा कागद. पहिल्यावर हसरा अंगठा, आणि त्याच्याखाली कोंबडीने पाय ओढावेत तशा अक्षरांत तिचं नाव. दुसऱ्यावर तेच. आठव्यावर झोकात, खाली रेघ मारून. हे कागद त्याने शेकडो वेळा हाताळले होते. कड पाहिली होती, टाच मोजली होती, अंगठ्याच्या नाकावर हसलाही होता. साडेतीन हातांवर नाव पडलं होतं आणि हा गावभर विचारत सुटला होता.

यावेळी तो ओरडला नाही. दात आवळून, कपाळावरची शीर तशीच ठेवून बुचाला रापी लावली. पाऊण इंच आणि अर्धा. कापताना तो स्वतःला जे काही म्हणाला, ते बायकोने ऐकलं. ती ते कुणाला सांगत नाही, आणि हिच्याकडून गोष्ट बाहेर न येणं ही गल्लीतली पहिलीच वेळ.

पार्सल बुधवारी गेलं.

शुक्रवारी पोरीचं पत्र आलं, तिच्या स्वतःच्या पत्त्यावरून. त्यात फोटो: जमिनीवर दोन पावलं, दोन्ही जोडे पूर्ण टेकलेले. डाव्या जोड्याच्या टोकावर खडूने डोळे, नाक, तोंड. तेव्हा मेहुणाही दुकानात बसलेला होता. बायकोनेच त्याला बसवलं होतं. रोज पाच जणांना फोन करायचा, बोलणी खायची, नावं विचारायची आणि एकेक नोंद सुटी करायची, अशी शिक्षा ठरली होती. आतापर्यंत पंधरा जण निघाले होते. शिंपीण मात्र फोनवर नाव सांगायला तयार नव्हती. म्हणाली, पुढच्या जोड्याला येईन तेव्हा समोर बसून विचारा.

"भाऊजी, हा पत्ता नवा आहे म्हणतंय," मेहुणा म्हणाला. "नाव टाकायचं का?"

खिळेने त्याला बाजूला सारलं. तोंडात खिळे तसेच ठेवून दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं. पुढे आडनाव. त्याच्याही पुढे, सवयीने, 'डावा'. मग थोडा थांबून 'पाऊण इंच'.

मेहुणा पडद्याजवळ वाकला. "आता हे काय? 'याच व्यक्तीची आणखी एक नोंद सापडली. एकत्र...'"

खिळेने हातोडी उचलली आणि हलवली.

मेहुण्याने दोन्ही हात वर केले आणि खुर्चीसकट मागे सरकला. खिळेने पहिला खिळा तळहातावर ठेवला, मग दुसरा. सातव्याला मेहुणा रस्त्यावर होता.